मग माझं वय कवा हुतं?

आप्पांचा ठिपका थांबला तेव्हा दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी रुईच्या बंधाऱ्यावर उभा होतो. गाडीच्या हँडलला आईनं दिलेला डबा, हातात मोबाईल आणि मोबाईलवर आप्पांचं लाइव्ह लोकेशन. सकाळपासून त्यांचा तो गोल फोटो नदीच्या निळ्या रेषेवरून मुंगीच्या गतीनं पुढे सरकत होता. रुकडीजवळचा रेल्वे पूल मागे पडला आणि पुढच्या एका वळणावर तो थांबला. पहिली दहा मिनिटं मी मनावर घेतलं नाही. पाणी पीत असतील. टोपी उडाली असेल. साडेबाराला फोन लावला, रिंग वाजून बंद झाली. पावणेएकला परत लावला. एक वाजता फोन लागायचाच बंद झाला.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय ६१, हृदयात एक स्टेंट. एका फुगवायच्या कयाकमधून, एकटे, ते पंचगंगेतून प्रयाग चिखलीहून नरसोबाच्या वाडीला निघाले होते. तीन दिवसांचा बेत, आजचा दुसरा.

आणि ती कयाक माझी होती.

*

लॉकडाऊननंतरच्या पहिल्या बोनसमधून मी ती ऑनलाइन मागवली होती. त्या काळात मी रात्र-रात्र कौस्तुभ खाडेबद्दल वाचत आणि बघत बसायचो. मुंबईचा मुलगा, आयआयटी दिल्लीचा इंजिनियर. २०१५ मध्ये तो मुंबईहून गोव्याला कयाकनं गेला आणि २०१६-१७ च्या हिवाळ्यात गुजरातमधल्या द्वारकेहून कन्याकुमारीपर्यंत सगळा पश्चिम किनारा, साधारण तीन हजार किलोमीटर, वल्हवत गेला. मीसुद्धा इंजिनियर, मीसुद्धा लॅपटॉपला कंटाळलेला. मी विजयदुर्ग ते मालवणचा बेत आखला. एक्सेल शीट केली. भरती-ओहोटीसाठी वेगळा कॉलम केला.

कयाक दोनदा पाण्यात उतरली. मग एक रिलीज आली, मग अप्रेझल, मग दीड वर्ष पुणे, मग परत घरून काम. कयाक घडी करून माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी गेली. मी तिला विसरलो नव्हतो. मी तिला 'नंतर'वर टाकलं होतं. आमच्या पिढीला 'नंतर' हा शब्द फार सोपा जातो, कारण तो संपेल असं अजून वाटत नाही.

आप्पा शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत अडतीस वर्षं फिटर होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले. पहिले काही महिने त्यांनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले, मग गल्लीतले मिक्सर. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा एका सकाळी मला विचारलं, "ती तुझी फुग्याची नाव पडून हाय की रे. मी वापरू काय?"

मला वाटलं, चार दिवसांची हौस. आम्ही कसबा बावड्यात राहतो. राजाराम बंधारा घरापासून गाडीवर पाच मिनिटं, आणि बंधाऱ्यामागे अडलेलं संथ पाणी. आप्पा रोज पहाटे जायला लागले. पहिल्या आठवड्यात गोल-गोल फिरत राहिले, दुसऱ्या आठवड्यात सरळ जायला लागले. महिन्याभरानं मी त्यांना काठावरून बघितलं आणि गप्प झालो. त्यांचं वल्हं पाण्यात जाताना आवाजच होत नव्हता.

पाणी त्यांना नवीन नव्हतं, हे मला माहीत होतं, पण कधी लक्षात आलं नव्हतं. त्यांचं गाव भोगावतीच्या काठावर. शेत नदीच्या पलीकडे. पाणी चढलं की त्यांचे चुलते गुऱ्हाळाची काहील नदीत सोडायचे. गूळ ज्यात आटवतात ती भलीमोठी कढई. तिच्यात पोरं, वैरणीचे भारे आणि कधी आजारी माणूससुद्धा बसवून पलीकडे न्यायचे. अजूनही पुराच्या बातम्यांत तसा एखादा फोटो दिसतो. काहिलीला पुढची बाजू नसते, ती फिरत राहते. आप्पा आठव्या वर्षी ती एका बांबूनं सरळ न्यायला शिकले होते. विसाव्या वर्षी ते शहरात आले आणि त्यानंतर अडतीस वर्षं त्यांनी नदी बघितली ती फक्त पुलावरून, शिफ्टला जाताना आणि येताना.

*

दिवाळीनंतर एकदा जेवताना ते म्हणाले, "वाडीपतुर जावं म्हणतोय. एकटा."

कोल्हापुरात राहणाऱ्या प्रत्येकाला एक यादी पाठ असते. दर पावसाळ्यात ती बातम्यांत येते: पंचगंगेवरचे राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ हे बंधारे पाण्याखाली. मग राजाराम बंधाऱ्याची पातळी किती, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये त्या आकड्यानं पन्नाशी ओलांडली होती. आमच्यासाठी ती भीतीची यादी आहे. आप्पांनी तीच यादी वहीत उभी लिहिली होती आणि प्रत्येक नावापुढे किलोमीटर, उतरायची बाजू, जेवण, मुक्काम असे रकाने पाडले होते.

आई म्हणाली, "डोकं फिरलंय." मी जास्त सभ्य भाषेत तेच म्हणालो. स्टेंटचं सांगितलं. नदीचं सांगितलं, खालच्या अंगाला कृष्णेत मगरी आहेत तेही सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी मी म्हणालो, "आप्पा, हे वय आहे का तुमचं?"

त्यांनी वही मिटली. "मग माझं वय कवा हुतं?"

ते चिडले नव्हते. मुलाला माहीत असेल म्हणून विचारावं तसं विचारलं होतं. मी खरंच मनात हिशोब घातला. विसाव्या वर्षी आयटीआय करून फौंड्री. चोविसाव्या वर्षी आजोबा गेले, दोन आत्यांची लग्नं. मग आमचं घर. मग मी. माझ्या इंजिनियरिंगच्या चार वर्षांत रविवारचे ओव्हरटाइम. २०१९ च्या पुरात घरात पाणी, सगळं परत उभं केलं. सत्तावन्नाव्या वर्षी छातीत दुखलं. या सगळ्यात तीन दिवस नदीत घालवायला जागा कुठे होती? आणि जिथे नव्हती, तिथे बऱ्याच वेळा मी उभा होतो.

मला उत्तर आलं नाही. म्हणून रात्री मी इंजिनियर जे करतो ते केलं. माझी बाजू बरोबर आहे याचे पुरावे शोधायला बसलो.

सापडलं भलतंच. पोलंडचा अलेक्सांदर डोबा सापडला. केमिकल कारखान्यात नोकरी केलेला माणूस, कयाकशी ओळख झाली तीच पस्तिशीच्या जवळ. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, तो आफ्रिकेतल्या डाकारहून सात मीटरच्या कयाकमध्ये एकटा निघाला आणि ९९ दिवसांनी ब्राझीलला पोहोचला. शीड नाही, इंजिन नाही, नुसती वल्ही. २०१३ मध्ये तो लिस्बनहून परत अटलांटिकमध्ये उतरला, वाटेत सुकाणू मोडलं म्हणून बर्म्युडाला थांबून दुरुस्ती केली आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडाला लागला. तिसऱ्यांदा २०१७ मध्ये, अमेरिकेहून फ्रान्सला, ११० दिवसांत. पोहोचल्यावर आठवड्याभरात त्याला ७१ वं लागलं.

मग ऑड्री सदरलँड सापडली. हवाईची, १९२१ चा जन्म, चार मुलं एकटीनं वाढवलेली. मुलं मोठी झाल्यावर, साठीच्या आसपास, तिनं नोकरी सोडली आणि अलास्काच्या थंड पाण्यात आठशे मैलांहून जास्त अंतर एकटीनं कापलं. पुढे वर्षानुवर्षं उन्हाळ्यात ती तिकडेच जात राहिली. तिची कयाक फुगवायची होती, माळ्यावरच्या माझ्या कयाकसारखी. आणि जर्मनीची फ्रेया हॉफमाइस्टर. तिनं २०११ ते २०१५ अशी टप्प्याटप्प्यानं सगळ्या दक्षिण अमेरिकेला फेरी घातली, आणि ती पूर्ण झाली तेव्हा तिला ५१ लागायला काही दिवस बाकी होते.

हे सगळं मी आप्पांना सांगायला नको होतं. पण सांगितलं. डोबाचा शेवटही सांगितला: फेब्रुवारी २०२१ मध्ये, ७४ व्या वर्षी, तो किलिमांजारोच्या शिखरावर पोहोचला, फोटोच्या आधी जरा टेकतो म्हणाला, आणि बसल्या जागी गेला.

"वर पोचून गेला न्हवं?" आप्पा म्हणाले. "बरं झालं." आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचे दोन दिवस हा विषय घरात निघाला नाही.

*

मी हो म्हणायला दोन महिने घेतले. खरं तर माझ्या हो म्हणण्यावर काही अडलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

आप्पा स्वतः हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले, स्ट्रेस टेस्ट करून घेतली. डॉक्टरांनी अटी घातल्या: दुपारच्या उन्हात नाही, दम लागला की थांबायचं, गोळ्या अंगावर. मीही एक डॉक्युमेंट केलं, चार पानांचं. त्यांनी त्यातल्या निम्म्या ओळी खोडल्या आणि ज्या ठेवल्या त्या त्यांच्या वहीत आधीच होत्या. लाइफ जॅकेट काढायचं नाही. शिट्टी गळ्यात. उशिरात उशिरा दुपारी चारला पाण्याबाहेर. आणि सगळ्यात वर, दोन रेघा मारून: बंधारा कधीही पाण्यातून उतरायचा नाही.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हा शब्द महाराष्ट्रभर चालतो, पण त्याच्या वरून जाणाऱ्या फार कमी लोकांना तो खालून कसा असतो ते माहीत असतं. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी काढायचे. बरग्यांवरून पाणी सांडतं तिथे खाली ते स्वतःभोवती गिरक्या घेत राहतं. लांबून खेळण्यासारखं दिसतं, पण त्यात सापडलेलं लाकूड तासन्‌तास तिथेच फिरताना आप्पांनी बघितलं होतं. म्हणून प्रत्येक बंधाऱ्याच्या बरंच अलीकडे काठाला लागायचं, नाव बाहेर काढायची, बंधारा चालत ओलांडायचा आणि खाली शांत पाणी बघून परत उतरायचं. त्यासाठी त्यांनी उद्यमनगरात एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये भंगारातल्या सायकलच्या चाकांची गाडी केली. चौदा किलोची कयाक त्यावर एका हातानं ओढता येते.

राहिला प्रश्न माझा. "मी बाइकवरून काठाकाठानं येणार," मी म्हणालो.

"मग ते एकट्यानं कसं हुईल?"

मी खाडेचा दाखला दिला. तो द्वारकेहून निघाला तेव्हा शांजली शाही सायकलवरून किनाऱ्यानं त्याच्यासोबत होती. तो समुद्रात, ती रस्त्यावर. आप्पांनी विचार केला. "ये मग. पर बंधाऱ्यावर. मधी न्हाई."

*

फेब्रुवारीतल्या एका पहाटे प्रयाग चिखलीच्या संगमावर आम्ही कयाक फुगवली. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी इथे एकत्र येतं, पाचवी सरस्वती गुप्त. भोगावतीतून येणारं पाणी राधानगरीचं, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणातलं. आप्पांनी ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि बसले. आईनं हात जोडले. मी व्हिडिओ काढला. वीस सेकंदांनी ते धुक्यात दिसेनासे झाले.

पहिला दिवस सोपा गेला. शिवाजी पुलाखालून ते गेले तेव्हा पुलावरच्या दोन पोरांनी शिट्ट्या मारल्या. राजाराम आणि सुर्वे, दोन्ही बंधारे त्यांनी चालत ओलांडले. रात्री नदीकाठच्या एका पाहुण्यांकडे मुक्काम. आपल्याकडे तंबू लागत नाही, प्रत्येक गावात कुणाची तरी आत्या असते.

आणि दुसऱ्या दिवशी बारा दहाला ठिपका थांबला.

सव्वाएकला मी बंधारा सोडला. गाडी उलटी घेतली, नदीकडे जाणारा दिसेल तो पाणंद रस्ता धरला. दोन वेळा उसात रस्ता संपला. डोक्यात फक्त एक वाक्य होतं: आईला काय सांगू. तिसऱ्या रस्त्यावर ऊसतोडीची टोळी होती. मी काही विचारायच्या आधीच एक बाई म्हणाली, "पिवळ्या फुग्यातला म्हातारा व्हय? त्या झाडाखाली बसलाय बघा."

ते बसले होते. पाय पसरून, झाडाला टेकून. कयाक काठावर अर्धी पाण्यात, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी जलपर्णीच्या मुळ्या लोंबत होत्या. त्यांचे हात थरथरत होते. आजारपणात थरथरतात तसे नव्हे, खूप काम केल्यावर थरथरतात तसे.

वळणावर जलपर्णीचा पट्टा होता. कडेनं वाट दिसली म्हणून ते शिरले आणि वाऱ्यानं पट्टा मागून मिटला. वल्हं चालेना. तास-सव्वा तास ते एकेक झुबका हातानं ओढून मागे टाकत बोट-बोट पुढे सरकले. फोन ड्रायबॅगमध्ये वाजत होता, मग त्याची बॅटरी संपली.

"फोन का नाही उचललात?" माझा आवाज चढला होता.

"हात मोकळा कुठं हुता?"

"निदान एकदा सांगायचं तरी."

"सांगून?" ते म्हणाले. "तू काठावर यून वरडला असतास. मग मी तुझ्याकडं बघत बसलो असतो. मला त्या पाल्याकडं बघायचं हुतं."

मी काहीतरी बोलणार होतो. बास आता, चला घरी, असं. ते वाक्य जिभेवर तयार होतं, आणि त्यांना ते माझ्या तोंडावर दिसत होतं. त्या क्षणी मी तसं म्हटलं असतं तर ते कदाचित ऐकून उठले असते. ते आयुष्यभर उठलेच होते, कुणी ना कुणी बोलावलं की.

मी बारावीत असताना पहिल्यांदा एकटा मुंबईला गेलो होतो. आप्पा स्टँडवर सोडायला आले होते. गाडी सुटल्यावर मागे बघितलं तर ते हात न हलवता नुसते उभे होते. पोहोचल्यावर फोन केला तर म्हणाले, "बरं." मला तेव्हा ते कोरडं वाटलं होतं. आता उसाच्या कडेला उभं राहून मला कळलं की ते 'बरं' म्हणायला माणसाला किती ताकद लागते. लेकराला सोडायला सगळे शिकतात, कारण ते जाणारच असतं. आईबापाला सोडायला कुणी शिकवत नाही.

मी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, पिठलं, खर्डा. ते जेवले, गोळी घेतली, अर्धा तास आडवे झाले. उठल्यावर मी नाडी मोजली, त्यांनी मोजू दिली. मग त्यांनी कयाकवरच्या मुळ्या एकेक करून काढल्या. मी पॉवर बँक ड्रायबॅगमध्ये घातली.

"रुईवर थांबतो," मी म्हणालो.

"थांब," ते म्हणाले आणि पाण्यात गेले.

*

सलग काही ते झालं नाही. इचलकरंजीच्या खाली नदीची अवस्था काय असते ते तिकडच्या लोकांना सांगायला नको. पाणी काळं, वास, आणि पुढे नजर जाईल तिथवर हिरवा गालिचा. तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा काठावर दहा मिनिटं नुसते बघत उभे राहिले. मला वाटलं, हट्ट करतील. ते म्हणाले, "टेम्पो बघ." आम्ही कयाक टेम्पोत टाकली, तेरवाडच्या खाली परत उतरवली. वीस वर्षांचा असतो तर मी शिरलो असतो, एवढं मला नक्की वाटलं. पट्टा ओलांडायला जोर लागतो, आणि टेम्पो बोलवायलाही काहीतरी लागतंच.

शिरोळचा बंधारा त्यांनी चालत ओलांडला. पावणेचारला, चारची आमची वेळ व्हायला पंधरा मिनिटं असताना, ते नरसोबाच्या वाडीच्या घाटाला लागले. पंचगंगा जिथे कृष्णेत शिरते तिथे पाण्याचा रंग बदलतो. आई एसटीनं आली होती, घाटाच्या पायरीवर पेढ्यांचा पुडा घेऊन. एका नावाड्यानं कयाकला बोटानं दाबून बघितलं आणि विचारलं, "काका, कुठनं आलासा?"

"चिखलीस्नं."

"एकटंच?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "व्हय," म्हणाले.

रात्री त्यांनी वही पूर्ण केली. सगळे रकाने भरले आणि शेवटी लिहिलं: इचलकरंजी ते तेरवाड टेम्पोनं. मी म्हणालो, हे कोण बघणार आहे? त्यांनी उत्तर दिलं नाही. अडतीस वर्षं मायक्रॉनमध्ये माप घेतलेल्या माणसाला तो प्रश्नच कळला नसावा.

कयाक गच्चीवर आठवडाभर वाळत होती. तिला नदीचा वास लागला होता, तो अजून गेलेला नाही. परवा मी मीटिंगमध्ये असताना आप्पा मागे येऊन उभे राहिले. मी म्यूट केलं.

"ते भरती-वहोटीचं तू काहीतरी केलं हुतंस न्हवं? विजयदुर्गाचं?"

मी जुनी एक्सेल शीट उघडली. शेवटचा बदल चार वर्षांपूर्वीचा होता. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली. मी त्यांना तक्ता समजावून सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो, कारण सगळ्यात वरच्या ओळीत, 'जाणारे' या रकान्यात, माझं एकट्याचं नाव होतं.

त्यांनीही ते वाचलं. काही बोलले नाहीत. मी त्याखाली एक ओळ वाढवली.